बसलेला सोनाजी

उस्मानपुरा, औरंगाबाद
२२ नोव्हेंबर २००१

आबा, तुम्हाला आणि आईला सोनाजीचा नमस्कार.

दिवाळीला आलो नाही, त्याचा राग धरला असेल तर तो रास्त आहे. पण नानासाहेबांच्या कारखान्यात कामाचा रेटा नेमका दिवाळीतच येतो. तीन गावांचे तीन पुतळे एकदम निघाले. तुम्ही एकदा विचारलं होतं, तू तिथं नेमकं करतोस काय, तेव्हा मी ‘मूर्तिकाम’ म्हणून मोकळा झालो. खरं सांगायचं तर मी छात्या करतो. आमच्याकडे पुरुषाच्या छातीचा एकच साचा आहे. वरचं डोकं तेवढं बदलतं. पुढारी असो की कुणाचे वारलेले वडील असोत, छाती तीच. मागच्या आठवड्यात बिडकीनचे आप्पासाहेब म्हणून एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. फोटोतला म्हातारा काटकुळा, खांदे पडलेले, पण चेहरा फार गोड. मी मातीत तसाच केला. आप्पासाहेबांनी चारी बाजूंनी फिरून पाहिला आणि म्हणाले, “चेहरा बराबर हाय, पण छाती जरा काढा की. गावात बसवायचाय.” काढली. म्हातारा आता कुणाचाही बाप वाटतो.

पत्राचं कारण वेगळंच. कारखान्याचा टेम्पो चालवणारा बन्सी रविवारी तुमच्याकडे एक मोठं लाकडी खोकं उतरवेल. त्यात एक पुतळा आहे, मी माझ्यासाठी केलेला. मार्चमध्ये पुण्याला प्रदर्शन आहे, त्यात तो मांडायचा आहे. माझं हे पहिलंच प्रदर्शन. घरमालकाने खोलीची दुरुस्ती काढल्यामुळे इथं ठेवायला जागा नाही. तोवर मेंढवाड्याशेजारच्या छपरात राहू द्या. खोकं उघडू नका, एवढी विनंती.

मेंढरं चारायला खाली गोदाकाठाला यंदा कधी निघणार? निघण्याआधी कळवा.

तुमचा,
सोनाजी

---

देवगाव रंगारी
१ डिसेंबर २००१

चि. सोनाजीस मल्हाररावाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोकंही पोचलं. पोस्टकार्ड लिहीत नाही आता, कडूबा पोस्टमन वाचतो आणि पारावर मलाच उत्तर सांगतो. म्हणून हे बंद पत्र.

तू उघडू नको म्हणालास. पण उतरवताना एक फळी निखळली आणि आतून पाय बाहेर आला. बन्सी म्हणत होता, घाबरू नका, पुतळा आहे. पण तिथं बद्रीनाथ गुरुजी होते, कडूबा होता, आणखी चारजण होते. सगळ्यांनी पाय पाहिला. मग उघडावंच लागलं, नाहीतर लोक काय समजले असते.

तो तू आहेस. मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, अंगावर कापड नाही. गुरुजी म्हणाले, ही कला आहे. कडूबा तसाच घरी गेला. मी वर फडकं टाकलं.

बाभळीवरून पडलास तेव्हा डावा खांदा निखळला होता, त्याचा उंचवटा पुतळ्यातही तसाच आला आहे. बरगड्या दिसतात. जेवतोस का नीट?

यंदा खाली जात नाही. मेंढरं तुझ्या चुलत्याच्या कळपात लावून दिली, वीस घरी ठेवली. गुडघा दुखतो. काळ्या मेंढीचं कोकरू मेलं. एक पोरकं कोकरू होतं, त्याच्या पाठीवर मेलेल्याचं कातडं बांधलं. तिनं वास घेतला आणि पाजलं. तुला आठवत असेल कसं करतात.

आई बरी आहे.

मल्हारराव

---

उस्मानपुरा, औरंगाबाद
९ डिसेंबर २००१

आबा, नमस्कार.

गुडघा दाखवून घ्या. पन्नास वर्षं चालून काढल्यावर गुडघ्याने तक्रार केली तर त्याचं काही चुकलं नाही. पण तुम्ही खाली गेला नाहीत हे वाचून बरंही वाटलं. आता तरी घरी बसाल.

खोकं उघडलंच आहे तर सगळं सांगतो. तो पुतळा मातीत घडवलेला नाही. मी उघडा बसलो, बन्सीने माझ्या अंगभर तेल चोपडलं आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या चढवल्या. श्वासासाठी नाकात दोन नळ्या. प्लास्टर वाळताना तापतं, आत माणूस शिजतो की काय असं वाटतं. बन्सी बिचारा इतका लाजला होता की पूर्ण वेळ तो मला सासुरवाडीच्या गोष्टी सांगत होता. मग त्या साच्यातून फायबरचा पुतळा काढला. आतून पोकळ आहे. नाव ठेवलं आहे ‘बसलेला माणूस’.

गेल्या वर्षी पेपरात माझा फोटो आला होता, तो गुरुजींनी तुम्हाला नक्की दाखवला असणार. खाली छापलं होतं, ‘तरुणाचे अर्धनग्न अवस्थेत अनोखे आंदोलन’. आंदोलन वगैरे काही नव्हतं. चित्रकलेच्या मुलांनी भरवलेल्या एका कार्यक्रमात मी स्टुलावर उघड्या अंगाने बसलो होतो. शेजारी तेलाची वाटी आणि एक पाटी: ‘कुणाही पुरुषाने माझ्या पाठीला तेल लावावे.’ असलाही एक कलाप्रकार असतो, आबा. त्यात कलाकार वस्तू करत नाही, स्वतःच वस्तू होऊन बसतो आणि पुढे काय होतं ते होऊ देतो.

सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बसलो. पुढे काहीच झालं नाही. दोन पोरं एकमेकांना माझ्याकडे ढकलत होती. एकाने मागण्या काय आहेत ते विचारलं. एक सद्गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, “लग्न करून टाका, हे असले प्रश्न उरत नाहीत.” शेवटी गुलमंडीवरचा एक न्हावी भाच्याला शोधत आला. त्याने पाटी वाचली, बाह्या सारल्या, पाठ छान रगडली, दोन थापट्या मारल्या आणि विचारलं, “मान मोडू का?” चार तासांत हा एक माणूस, आणि त्याचा तो धंदाच. आपण पुरुष एकमेकांना धरतो ते कुस्तीत, भांडणात, नाहीतर तिरडीला खांदा देताना. एरवी नाही.

त्या स्टुलावर मी सारखा तुमचा विचार करत होतो. बाभळीवरून पडलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही गुडघा माझ्या बगलेत रोवलात, हात ओढलात, खांदा बसवलात. मी तुम्हाला बिलगायला गेलो तर तुम्ही मला बाजूला धरून म्हणालात, “रडू नको. आता मोठा झालास.” तेव्हापासून मी मोठाच आहे. तुमचा हात पुन्हा अंगाला लागलेला मला आठवत नाही. दोष देत नाही, तुमच्या वडिलांनीही तुम्हाला असंच वाढवलं असेल. पण त्या पुतळ्याचा उजवा तळहात मांडीवर वर करून ठेवला आहे, तो त्यापायी आहे. तो काही मागत नाही, नुसता उघडा आहे.

म्हणून त्यावर फडकं टाकू नका. अंधारात ठेवा, पण झाकू नका.

सोनाजी

---

देवगाव रंगारी
२४ डिसेंबर २००१

चि. सोनाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू पुष्कळ लिहिलंस.

चार तास उघड्यावर बसलास ते बरं नाही केलंस. तेल कुठलं होतं? करडीचं असेल तर ठीक आहे.

पुतळ्याला तुझा निळा शर्ट घातला आहे. खुंटीला होता, तू सोडून गेलास तो. डोक्याला माझं मुंडासं बांधलं. इकडं थंडी फार पडली आहे. छपरात नाही ठेवला, ओसरीत भिंतीशी बसवला आहे. तिथं बरा आहे.

आई बरी आहे. जेवते आता.

मल्हारराव

---

उस्मानपुरा, औरंगाबाद
२ जानेवारी २००२

आबा,

फायबरला थंडी वाजत नाही. ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, तेव्हा आपण खरं काय ते बोलू. तुम्हाला माझी लाज वाटते. कडूबा बघून गेला, गावात चर्चा झाली असेल, मल्हाररावाच्या पोरानं हे काय काढलं म्हणून. लगेच शर्ट चढवलात. वर मुंडासंही. म्हणजे अब्रूदार माणूस झाला. बिडकीनच्या आप्पासाहेबांना मी हसलो होतो, पण तुम्ही तरी काय वेगळं केलंत? त्यांना बापाची छाती काढून हवी होती, तुम्हाला पोराची झाकून हवी आहे. आहे तसा माणूस कुणालाच चालत नाही.

मी त्या पत्रात जे लिहिलं ते लिहायला मला आठ दिवस लागले होते. तुम्ही विचारलंत, तेल कुठलं.

आता कामाचं. प्रदर्शन १ मार्चला उघडतं. देशभरातून सात जण निवडले आहेत, त्यात मी एक. पुतळ्याचा नुसता फोटो बघून त्यांनी मला घेतलं. मी तेहतीस वर्षांचा आहे, दहा वर्षं दुसऱ्यांच्या छात्या ओततो आहे. हे हुकलं तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही, आणि मीही पुन्हा काही करीन असं मला वाटत नाही. इथं संध्याकाळी खोलीवर आलो की बोलायला माणूस नसतो. तो पुतळा समोर होता तेव्हा निदान कुणीतरी बसलेलं असायचं. तुम्ही हसाल.

बन्सी आणि मी २४ फेब्रुवारीला टेम्पो घेऊन येतो. तोवर शर्ट काढा, मुंडासं काढा आणि त्याला परत खोक्यात ठेवा.

सोनाजी

---

देवगाव रंगारी
१९ जानेवारी २००२

चि. सोनाजीस आशीर्वाद.

पुतळा नेऊ नको. दुसरा कर. बन्सी आहे, प्लास्टर आहे, अंग तुझंच आहे.

मी हसलो नाही.

तीळगूळ पाठवला आहे.

मल्हारराव

---

उस्मानपुरा, औरंगाबाद
२७ जानेवारी २००२

आबा,

दुसरा कर म्हणायला ती काय भाकरी आहे? साचा काढतानाच फुटतो. प्लास्टर, फायबर, तीन आठवड्यांचं पूर्ण वेळ काम, आणि दिवसा कारखाना. एक मार्चच्या आत ते होणार नाही.

मला वाटलं तुम्ही तो फोडला, आणि आता सांगायची पंचाईत झाली आहे. पण परवा बन्सी कन्नडला पुतळा पोचवून येताना तुमच्या दारावरून गेला. तो दारातून डोकावला, तुम्ही घरी दिसला नाहीत म्हणून परत फिरला. ओसरीत पुतळा जसाच्या तसा आहे, हे त्याने पाहिलं. आणि त्याने आणखी काय पाहिलं तेही सांगितलं. त्या उघड्या तळहातावर भाकरीचा घास होता. वर भाजीही होती. तळहात तेलाने आणि हळदीने पिवळा पडला आहे.

म्हणजे नैवेद्य. मला देव करून बसवलंत का? कुणाला स्वप्नात दृष्टांत झाला? गावातल्या बाया येत असतील, नारळ फुटत असतील. कडूबाने पहिला फोडला असेल. मी हे वाचणाऱ्याला हसू येईल असं लिहितो आहे, पण मला हसू येत नाही. माणूस होतो तोवर हात लावला नाहीत, आणि देव केल्यावर घास ठेवता.

मी ठरल्या दिवशी येणार आणि पुतळा नेणार. तुम्ही आडवे आलात तरी नेणार.

सोनाजी

---

देवगाव रंगारी
४ फेब्रुवारी २००२

चि. सोनाजीस.

देव केला नाही. लपवलं, ते आता सांगतो.

तुझ्या आईचं ध्यान गेल्या आखाडापासून सुटत चाललं आहे. आधी चुलीवरचं विसरायची. मग माझं नाव विसरली. मला ‘मेंढक्या’ म्हणते, आवाज देते की ए मेंढक्या, मालक कुठंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले हे मागं फिरत नाही. गुडघ्याचं खोटं लिहिलं. गुडघा चांगला आहे. तिला सोडून खाली जाता येत नाही म्हणून गेलो नाही.

तुझं नाव मात्र विसरली नाही. आपल्या घरात तिची रीत तुला माहीत आहे, तू जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही. दिवाळीपासून ताट ठेवलं की म्हणायची, सोनाजी जेवला नाही. मी म्हणायचो, तो औरंगाबादला जेवला असेल. ती म्हणायची, मग मला कळलं असतं. ताट सरकवून द्यायची. दोनदा सडकेला लागली तुला बघायला. तिच्यात काही राहिलं नव्हतं. मी तुला लिहायला बसलो होतो की ये. त्या दिवशी तुझं खोकं आलं.

लोक पांगल्यावर ती बाहेर आली आणि पुतळ्यापुढं बसली. त्याच्या खांद्याचा उंचवटा चाचपला. म्हणाली, आला का. झोपलाय. किती वाळलाय. मग आत गेली, भाकरी आणली आणि मोडून त्याच्या हातावर ठेवली. पोराच्या घासाकडं बघू नये, दृष्ट लागते, म्हणून तोंड फिरवून बसली. मी घास उचलून कोकराला टाकला. ती वळली, हात रिकामा बघितला. मग जेवली. दिवाळीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

तेव्हा मला कातड्याचं सुचलं. नुसत्या रूपावर किती दिवस भागणार, मेंढी वास बघते. खुंटीवरचा तुझा शर्ट घातला. लाजेनं नाही घातला. रोज दोन वेळा घास उचलायला मी तिथं बसतो. बन्सी आला तेव्हा मी पाण्याला गेलो होतो, तेवढाच घास राहिला.

तुला का नाही सांगितलं, तर तू तिथं एकटा. कळल्यावर रडायला कुणापुढं गेला असतास. आणि तुझं ते लाजेचं वाचलं तेव्हा वाटलं, समजू दे त्याला तसं. ते माझं चुकलं. तुझी लाज मला कधी वाटली नाही. तुझ्याशी बोलायचं कसं ते मला येत नाही.

तू ये. पुतळा न्यायचा की नाही ते तू बघून ठरव. आई तुला ओळखेल का, मला सांगता येत नाही.

मल्हारराव

---

उस्मानपुरा, औरंगाबाद
२७ फेब्रुवारी २००२

आबांना नमस्कार.

तुम्ही तिथं होतात, तुम्ही सगळं पाहिलं आहे. तरी लिहितो. माझ्या जागेवरून कसं दिसलं ते तुम्हाला कळावं म्हणून, आणि तिथं आपण दोघं मिळून दहा वाक्यंही बोललो नाही म्हणून.

बन्सीला मी टेम्पो घेऊन नाक्यावरच थांबायला सांगितलं. दारातून आधी पुतळाच दिसला. आई त्याच्याजवळ लसूण सोलत बसली होती. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला आधी त्याचा हेवा वाटला. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय आत ओढले.

“कोण म्हणायचं पाव्हणं?”

“आई, मी सोनाजी.”

“सोनाजी ह्यो काय बसलाय. हळू बोला, झोपलाय. लई दमून आलाय औरंगाबादहून.” मग नाक मुरडून म्हणाली, “तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येतुया. लांब बसा बाबा, लेकराला बाधंल.”

कारखान्यातल्या फायबरचा वास. तो आंघोळीने जात नाही. मी पुढे सरकलो तर तिने केरसुणी उचलली. लेकरू राखणारी बाई, तिच्या हातात जोर कुठून आला कोण जाणे. मी बाहेर येऊन मेंढवाड्याच्या कुंपणाशी उभा राहिलो. तेहतीस वर्षांत मी इतका एकटा कधीच नव्हतो. स्टुलावर चार तास बसलो तेव्हाही नाही.

मग तुम्ही आलात. तुमच्या हातात निळा शर्ट होता आणि करडीच्या तेलाची बाटली. म्हणालात, “काढ कपडे.” मी काढले. तुम्ही तेल हातावर घेतलंत आणि माझ्या पाठीला लावलंत. पाठीला, मानेला, छातीला, दंडांना. एखादं कोकरू धरावं तसा दंड घट्ट धरून. तुमचे तळवे किती खरखरीत आहेत हे मला माहीत नव्हतं. डाव्या खांद्यावर आलात तेव्हा तुमचा हात थांबला. तुम्ही तो उंचवटा अंगठ्याने दाबून पाहिलात आणि विचारलंत, “दुखतं का अजून?” मी नाही म्हणालो. थंडीत दुखतं, आबा. तेव्हा सांगता आलं नाही. तिथं पाटी नव्हती, बघायला कुणी नव्हतं, आणि तुम्ही काही कला म्हणून ते करत नव्हतात. मेंढीने पिलू घ्यावं म्हणून करत होतात.

शर्टाला चुलीच्या धुराचा, घोंगडीचा, लसणाचा वास होता. म्हणजे तिच्याच हाताचा. तुम्ही पुतळा घोंगडीत गुंडाळून आत नेलात आणि मला त्याच्या जागी बसवलंत. मुंडासं बांधलंत. “डोळे मीट. हात असा ठेव,” म्हणालात. माझीच बैठक तुम्ही मला शिकवत होतात.

आई आली. भाकरी मोडल्याचा आवाज आला. घास हातावर ठेवताना तिची बोटं माझ्या तळहाताला लागली आणि तिथंच राहिली.

“आज हात गरम हाय ह्याचा,” ती म्हणाली. “मेंढक्या, ताप तर नाय ना आला?”

तिने कपाळाला हात लावला, मग गालाला. मग तोंड फिरवून बसली, मी खावं म्हणून. मी खाल्लं. तुम्ही तेव्हा मेंढरांकडे बघत होतात, मला दिसलं. त्या दिवशी मी तिच्या हातचे नऊ घास खाल्ले, डोळे मिटून. एकदाही ‘आई’ म्हणालो नाही. बोललो असतो तर तिने परत केरसुणी घेतली असती, अशी भीती वाटली.

पुतळा तिथंच ठेवून आलो ते तुम्हाला माहीतच आहे. बन्सीने रिकामाच टेम्पो औरंगाबादला परत आणला. पुण्याला फोन करून सांगितलं, पुतळा घरी लागतो आहे. पलीकडच्या बाईंना वाटलं मी विकला. त्यांनी दुसरं काही पाठवा म्हटलं. दुसरं माझ्याकडे काही नाही. त्यांनी यादीतून माझं नाव काढून टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रडू आलं ते त्याचं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना करडीच्या तेलाचा वास गेला, त्याचं आलं.

सोनाजी

---

देवगाव रंगारी
१२ मार्च २००२

चि. सोनाजीस तुझ्या आबाचा आशीर्वाद.

तू गेल्यावर पुतळ्याला परत शर्ट घातला आणि जागेवर बसवला. आईनं घास ठेवला. हात चाचपला. म्हणाली, गार पडलाय. दिवसभर त्याचा तळहात आपल्या हातात धरून चोळत बसली. घोंगडी पांघरली, शेगडी आणून ठेवली. पुतळ्याचा गुडघा शेगडीला लागून करपला. संध्याकाळी घास परत उचलून घेतला आणि म्हणाली, ह्यो नाय. तेव्हापासून त्याच्याकडं बघत नाही. दारात बसते. ताट सरकवते. दोन भाकरींवरून अर्ध्यावर आली आहे.

एकदा खऱ्याची ऊब लागली की कातडं चालत नाही. हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. एवढी मेंढरं राखली.

पुतळा आता तू घेऊन जा. पुण्याचं प्रदर्शन गेलं ते माझ्यापायी गेलं. करपलेला गुडघा तुला दुरुस्त करता येईल का?

नानासाहेबांना विचार, महिन्यातून किती दिवस सोडतील. जितके सोडतील तितके ये. तुला कामाच्या जागेवरून कधी बोलावलं नाही, आज बोलावतो. तुझ्या आईसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासाठीही.

खांदा थंडीत दुखतो हे तेव्हाच सांगायचं. तेल आहे घरात.

निळा शर्ट धुतला नाही. कुणाला हात लावू दिला नाही. आलास की अंगणातच थांब, आत जाऊ नको. मी बाहेर येतो.

आबा